अण्णांचा पट्टा आणि दोंडाईच्याची जाळी

अण्णांच्या खाकी विजारीखाली एक चामडी पट्टा असे, ही गोष्ट मला मी नववीत असताना कळली. तोवर माझी अशी समजूत होती की, सकाळी कामावर निघण्यापूर्वी ते आतल्या खोलीचे दार लावून घेतात ते जपासाठी. एके दिवशी दाराची कडी नीट लागली नव्हती. मी वही मागावयास आत गेलो, तो अण्णा भिंतीला पाठ टेकून, श्वास रोखून, जांघेवर तो पट्टा आवळीत होते. पट्ट्याच्या एका अंगास कातड्याने मढविलेली वाटोळी गादी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "माईला यातले काही बोलायचे नाही." माईला अर्थातच सारे ठाऊक होते. ठाऊक नसल्याचा बहाणा ती माउली किती वर्षे करीत होती, हे मला पुढे कळले.

आमचे घराणे सेंधव्याचे. होळकरांच्या अमदानीत पणजोबा तेथे कारकुनीवर आले आणि निमाडच्या मातीत आमच्या चार पिढ्या रुजल्या. अण्णा टपालखात्यात पोस्टमन होते. जिनिंगच्या कारखान्यांपासून तो वाड्या-पाड्यांपर्यंत त्यांची सायकल फिरे. पत्र देऊन ते थांबत नसत, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचूनही दाखवीत. गावातल्या प्रत्येक घराचे सुखदुःख ठाऊक असलेल्या या माणसाने आपल्या देहाचे एक दुःख मात्र बारा वर्षे कोणाला सांगितले नाही.

या व्याधीला आपल्या भाषेत अंतर्गळ असा नेमका शब्द आहे. पोटाच्या स्नायूंची भिंत जांघेपाशी दुबळी होते आणि आतडे त्या फटीतून खाली उतरते. खोकताना, ओझे उचलताना फुगवटा दिसतो, आडवे झाले की बहुधा आत जातो. पुष्कळांचे आयुष्य याच उतरण्या-चढण्यात निघून जाते. पण एखाद्या दिवशी उतरलेले आतडे फटीत अडकते, त्याला फास बसतो, रक्त पोहोचेनासे होते. मग घटका मोजावयाच्या असतात. काही तासांत ते आतडे मरू लागते.

आमच्या घरी तो दिवस १९८५ च्या श्रावणात आला. शनिवारी तिसऱ्या प्रहरी अण्णा सायकल हातात धरून घरी आले. टपाल वाटून संपविले होते, हेही सांगावयास ते विसरले नाहीत. फुगवटा दगडासारखा झाला होता आणि आत जात नव्हता. शेक झाला, तेल झाले, पाय उंच करून निजविणे झाले. दिवेलागणीला उलट्या सुरू झाल्या. रात्री दहाच्या सुमारास आम्ही त्यांना जवळच्या एका रुग्णालयात नेले. तेथील तरुण डॉक्टरांनी हात लावताक्षणी ओळखले. पण शल्यचिकित्सक रजेवर होते आणि भूल देणारे तर त्या रुग्णालयास मुळीच नव्हते. "घाट उतरून खाली न्या, वेळ दवडू नका," असे त्यांनी काकांना सांगितले. बिजासनच्या घाटात पावसाने मालमोटारींची रांग लागली होती. जीपमध्ये अण्णांचे डोके माझ्या मांडीवर होते. त्यांनी त्या रात्री कण्हण्याखेरीज एकच वाक्य उच्चारले, की ऑफिसच्या किल्ल्या कोटाच्या खिशात आहेत. उजाडताना आम्ही खालच्या मोठ्या गावी पोहोचलो. शस्त्रक्रिया झाली, काळे पडलेले आतडे कापून काढले. तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. ते पन्नाशीचेही नव्हते.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वयस्क होते. ते काकांना म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी आणले असते, तर हे गृहस्थ आज सायकलवर असते."

सहा महिन्यांपूर्वी का आणले नाही, याचे उत्तर मी पुढे पुष्कळ वर्षे शोधीत राहिलो. लज्जा हे एक कारण खरेच. जागा आडवाटेची, बोलणार कसे? पण लज्जेवर सारा भार टाकून मोकळे होणे बरोबर नव्हे. आमच्या आळीतील एका हमालाने इंदूरला जाऊन हीच शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि दोन वर्षांत त्याचा अंतर्गळ पुन्हा उतरला होता. तो गावभर सांगत फिरे की, पैसेही गेले आणि मजुरीही गेली. अण्णांनी हा हिशेब मनाशी केला असला पाहिजे. त्या काळी अशा शस्त्रक्रियेनंतर महिनेच्या महिने जड काम वर्ज्य असे. तीन महिने सायकल बंद म्हणजे काय, हे पोस्टमनलाच कळे.

हे सारे आज लिहावयास बसलो त्याला निमित्त माझेच झाले. २०२१ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मला स्वतःला तोच फुगवटा दिसला. वाचकहो, सांगावयास संकोच वाटतो, पण खोटे कशाला लिहू? मराठीत एम.ए. झालेल्या, शासकीय शाळेचा मुख्याध्यापक असलेल्या आणि आपला बाप याच दुखण्याने गेलेला पाहिलेल्या या माणसाने आठ महिने ते लपविले. आतल्या खोलीचे दार मीही लावून घेऊ लागलो. अखेर सौभाग्यवतींनी एके रात्री दिवा लावला आणि विचारले, "तुमच्या अण्णांचा पट्टा कुठे ठेवला आहे, की नवा आणायचा?" दुसऱ्या दिवशी आम्ही इंदूरला शल्यचिकित्सकाकडे गेलो.

तेथे भूल देणारे डॉक्टर माझेच एके काळचे विद्यार्थी निघाले. त्यामुळे मला प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली आणि मास्तर माणसाला ती मिळाली म्हणजे तो ती पुरेपूर वापरतो. सर्जनसाहेबांनी कागदावर आकृती काढून समजाविले. इटलीच्या बस्सिनी यांनी १८८७ साली जी पद्धत मांडली, तीत फटीच्या दोन्ही कडा ओढून टाके घालीत. फाटलेल्या सदऱ्याच्या कडा ओढून शिवल्या की तो ताणाने पुन्हा फाटतो, तसेच येथेही पुष्कळदा होई. आमच्या आळीतील हमालाचे गाऱ्हाणे खोटे नव्हते तर! पुढे अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील लिख्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात कडा न ओढता वरून कृत्रिम धाग्यांच्या जाळीचे ठिगळ लावण्याची पद्धत रूढ केली. ठिगळाला ताण नाही. शरीराचे तंतू त्या जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि भिंत पक्की होते. माणूस थोड्याच दिवसांत हिंडू-फिरू लागतो.

"आणि या जाळीची किंमत?" मी विचारले.

किंमत ऐकून मी गप्प झालो. तळहाताएवढा तुकडा आणि मोल काही हजारांत. माझे ठीक होते, पगारदार माणूस मी. तेव्हा माझे विद्यार्थी डॉक्टर हसत म्हणाले, "सर, तुमच्या मुलुखाजवळच्याच एका सर्जनांनी हे काम मच्छरदानीच्या कापडात करून दाखविले आहे. दोंडाईच्याला."

दोंडाईचा! तापीच्या खोऱ्यातील मिरचीची ती पेठ सेंधव्याहून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसेल.

त्या दिवसापासून मी या विषयाचा मागोवा घेऊ लागलो. भाच्याने छापून दिलेले वैद्यकीय निबंध शब्दकोश उशाशी घेऊन वाचले. त्यातून जे हाती लागले, ते आपल्या वाचकांस सांगावेसे वाटते, कारण आपण 'मागास देशांस वैद्यकीय मदत' हे शब्द ऐकतो, तेव्हा डोळ्यांपुढे विमानातून उतरणारे गोरे डॉक्टर आणि खोक्यांतून उतरणारी औषधे येतात. खरी गोष्ट त्याहून वेगळी आणि मला तरी अधिक मनोज्ञ वाटली.

धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे खेड्यापाड्यांतील रुग्णांत आयुष्य घालविलेले शल्यचिकित्सक. जाळी बसविणे उत्तम, पण ती परवडत नाही म्हणून गरिबाला जुनीच टाक्यांची शस्त्रक्रिया, ही पंक्तिभेदाची रीत त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना पटेना. बाजारातील महाग जाळी ज्या जातीच्या धाग्यांची असते, त्याच कुळातील धाग्यांचे कापड आपल्या मच्छरदानीचे असते, हे त्यांनी तपासून घेतले. कीटकनाशक न लावलेले साधे कापड घ्यावयाचे, कापून धुवावयाचे आणि दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करावयाचे. देशातील निरनिराळ्या ठिकाणच्या सर्जनांनी मिळून अशा शस्त्रक्रिया केल्या आणि साडेतीनशेच्या आसपास अनुभवांचा निबंध २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी' या नियतकालिकात टोणगावकर, रेड्डी, मेहता, सिंग आणि शिवडे या पाच नावांनी प्रसिद्ध झाला.

या पाच नावांपाशी मी थबकलो. एकट्या माणसाची युक्ती त्याच्याबरोबर जाते. आमच्या शिक्षकी पेशात तर असे किती गुणी शिक्षक मी पाहिले, ज्यांनी खडूच्या तुकड्यांतून आणि काडेपेट्यांतून गणित शिकविण्याच्या अप्रतिम रीती काढल्या आणि निवृत्तीच्या दिवशी त्या रीती हारतुऱ्यांबरोबर घरी घेऊन गेले. दोंडाईच्याची गोष्ट तशी विरून गेली नाही, याचे श्रेय मी शल्यचिकित्सकांच्या संघटनेला देतो. भारतातील शल्यचिकित्सकांची मोठी संघटना १९३८ पासून आहे. पण मोठ्या शहरांतील यंत्रसामग्रीच्या चर्चेत खेड्यातील सर्जनांना आपला प्रश्न कुठे बसेना, म्हणून ग्रामीण शल्यचिकित्सकांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी आपली निराळी संघटना काढली. डॉ. टोणगावकर तिच्या धुरीणांपैकी एक. तेथे जमणारे लोक एकमेकांस विचारीत, वीज गेली असता तू काय करतोस? भूल देणारा नसता काय करतोस? रक्त कोठून आणतोस? अशा मंडळींत मच्छरदानीचे नाव काढले, तर कोणी हसत नाही. शंका काढतात, करून पाहतात आणि मोजतात.

पुढे हे कापड आफ्रिकेत गेले. बुर्किना फासो या गरीब देशातील अनुभव २००६ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास इंग्लंडातील प्लिमथ येथील अँड्रू किंग्जनॉर्थ आणि मूळचे घानाचे ख्रिस ओपाँग या सर्जनांनी 'ऑपरेशन हर्निया' नावाचे काम घानातील ताकोराडी येथे २००५ साली सुरू केले होते. किंग्जनॉर्थ हे हर्नियावर काम करणाऱ्या युरोपीय सर्जनांच्या संघटनेतील अग्रणी. त्यांनी दोंडाईच्याच्या कामाची दखल घेतली आणि घानातील रुग्णांवर ते कापड वापरून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

शल्यविद्येचा प्रवास एकाच दिशेने होतो, असे समजण्याचे कारण नाही, हे येथे जाता जाता सांगावेसे वाटते. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने बसविल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनाने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पण ती कला जाणणाऱ्या पुण्याच्या त्या कारागिराला ना संघटना होती, ना नियतकालिक. त्यामुळे कीर्ती लंडनला झाली. असो.

मच्छरदानीच्या गोष्टीतील सर्वांत मोलाचा भाग युगांडातला. स्वीडन आणि युगांडातील सर्जनांनी मिळून ३०२ पुरुषांवर ही तुलना केली. निम्म्यांना महाग जाळी, निम्म्यांना हे स्वस्त कापड. कोणास काय बसविले, हे रुग्णास सांगितलेले नव्हते आणि नंतर तपासणी करणाऱ्यासही ठाऊक नव्हते. महाग जाळीची किंमत सुमारे १२५ डॉलर, या कापडाच्या तुकड्याची सुमारे १ डॉलर. एक वर्षानंतर जवळजवळ सगळे रुग्ण शोधून तपासले. स्वस्त कापडाच्या बाजूस एकाचा अंतर्गळ पुन्हा उतरला, महाग जाळीच्या बाजूस कोणाचाच नाही. बाकी तक्रारी दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच. हा निबंध जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला.

मी तो निबंध दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना एका गोष्टीने मला गाठले. माझ्या मनात आरंभापासून एक सल होता, की गरिबाच्या पोटात मच्छरदानी आणि श्रीमंताच्या पोटात कंपनीची जाळी, हा कसला न्याय? आमच्याही शाळांत 'गरिबांच्या मुलांना एवढे पुरे' या नावाखाली जे जे आले, ते ते बहुधा वाईटच निघाले. पण ही माणसे 'एवढे पुरे' म्हणून थांबली नाहीत. उत्तमाशेजारी ते ठेवून, कोण कोणते हे झाकून त्यांनी परीक्षा घेतली. दयाबुद्धीने दिलेली वस्तू आणि परीक्षेस उतरलेली वस्तू यांत जो भेद आहे, तो मला त्या कोष्टकांत दिसला.

या जगड्व्याळ प्रश्नाचे मान आपल्या ध्यानी यावे म्हणून थोडे आकडे देतो. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ साली असे दाखविले, की जगातील सुमारे ५ अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. वर्षाकाठी ३१ कोटींहून अधिक शस्त्रक्रिया जगात होतात, पण लोकसंख्येच्या सर्वांत गरीब तिसऱ्या हिश्श्यास त्यांतील शेकडा ६ च मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हाचे प्रमुख हाफडान माहलर यांनी १९८० मध्येच मेक्सिको शहरात सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे शस्त्रक्रियेचे हे विषम वाटप मांडले होते. त्यानंतर पाच वर्षांनी आमची जीप बिजासनच्या घाटात अडकली होती.

मग संघटनांनी करावे तरी काय? बाहेरून पंधरा दिवसांसाठी पथके जातात, शंभर-दोनशे शस्त्रक्रिया करतात आणि परततात. ज्यांचे दुःख निवारण होते, त्यांच्या दृष्टीने ही देवाचीच कृपा. तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. तरी सोळाव्या दिवशी ज्याच्या जखमेत पू होतो, त्याने कोणाकडे जावे? आणि परदेशातून जुनी यंत्रे येतात, ती कित्येकदा एका सुट्या भागावाचून कोपऱ्यात पडून राहतात. मला हे सहज पटते. माझ्या एका शाळेत विज्ञानाचे साहित्य म्हणून वरून एक मोठे खोके आले होते. आतील उपकरणाला तीन पायांचे बटन आणि आमच्या भिंतीत दोन छिद्रे. ते खोके मी सेवेत असेपर्यंत दरवर्षी साहित्यसूचीत मोजले गेले.

याउलट आफ्रिकेतील सर्जनांनी स्वतःच जे उभे केले, ते मला शिक्षक म्हणून फार जवळचे वाटले. पूर्व आफ्रिकेतील सर्जनांची संघटना १९५० सालची. तिच्यातूनच १९९९ मध्ये पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतील सर्जनांचे एक महाविद्यालय निघाले. त्याला वर्गखोल्या नाहीत. ते स्वतःला भिंती नसलेले महाविद्यालयच म्हणवून घेते. तरुण डॉक्टर आपल्याच मुलुखातील मान्य रुग्णालयात काम करीत शिकतो, वरिष्ठ सर्जन त्याचा हात धरतात, अभ्यासक्रम व परीक्षा अनेक देशांना मिळून एकच. आयर्लंडचे शल्यचिकित्सकांचे रॉयल कॉलेज २००७ पासून या कामात सोबत आहे, पण पदवी आयर्लंडची नव्हे, तेथलीच. त्या प्रदेशात १९७४ ते २०१३ या काळात शिकून तयार झालेल्या हजाराहून अधिक सर्जनांचा पुढे माग काढला, तेव्हा शंभरांतील सुमारे ८५ जण ज्या देशात शिकले, त्याच देशात काम करताना आढळले.

हा आकडा वाचून मला माझी एम.ए.ची पदवी आठवली. नोकरीत असताना, बाहेरून परीक्षेस बसून मी ती मिळविली. रात्री कंदिलाशी ज्ञानेश्वरी आणि दिवसा पाचवीचा वर्ग. पुण्यास दोन वर्षे राहिल्याशिवाय पदवी नाही, अशी अट असती, तर एक तर मी एम.ए. झालो नसतो, किंवा झालो असतो तर निमाडात परतलो नसतो. दुसरी शक्यताच अधिक. जो जेथे शिकतो, तेथे त्याची मुळे जातात.

घानामध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. तेथे सर्जन नसलेल्या साध्या डॉक्टरांना ही जाळीची शस्त्रक्रिया शिकविली आणि त्यांचे काम सर्जनांच्या कामाशी ताडून पाहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते उणे ठरले नाही. आपल्या कलेचे कुंपण आपणच खाली उतरविणे कोणत्याही व्यवसायाच्या संघटनेला जड जाते. आम्हा शिक्षकांच्या संघटनांना तर फारच. त्या रात्रीच्या तरुण डॉक्टरांना कोणी ही एक शस्त्रक्रिया शिकविली असती आणि भूल देणारा एक मनुष्य तेथे असता, तर? हा प्रश्न मनात आला, की मी वाचन मिटून ठेवतो. अण्णांचा अंतर्गळ फासलेला होता, आतडे कापावे लागले. ते काम पूर्ण तयारीच्या सर्जनाचे. पण त्याआधीची बारा वर्षे तो फासलेला नव्हता.

माझी शस्त्रक्रिया मार्च २०२२ मध्ये झाली. आदल्या दिवशी मी सर्जनसाहेबांना म्हटले, "माझ्या पोटात दोंडाईच्याचीच जाळी बसवा." ते म्हणाले, "मास्तर, मंजूर उपकरणांत ती नाही. मी बसविली तर नियमभंग होईल." नियमही रास्तच. माणसाच्या देहात कोणी काहीही शिवू लागला, तर अनर्थ होईल. मी कंपनीच्या जाळीचे पैसे भरले. दुसऱ्या दिवशी घरी आलो आणि आठवड्याने शाळेत गेलो. अण्णांचा पट्टा माईच्या पेटीत तिच्या पश्चात सापडला होता, तो मी अजून ठेवला आहे. चामडे वाळून तडकले आहे आणि गादीवर त्यांच्या देहाचा खळगा तसाच आहे.

माझ्या शाळेत पाणी भरणारा आणि बाके हलविणारा एक सेवक आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी तो बाक उचलीत होता. उचलण्याआधी त्याने डावा हात क्षणभर जांघेशी नेला. दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आले नसते. मी त्याला माझ्या खोलीत बोलाविले आणि दार लावून घेतले.

त्याला वाटले, कामात काही चूक झाली. मी त्याला माझे सांगितले, मग अण्णांचे सांगितले. तो बराच वेळ फरशीकडे पाहत बसला. मग निमाडीत म्हणाला, "साहेब, तुम्हालासुद्धा?" सात वर्षे झाली होती. बायकोला माहीत होते, पण तीही बोलत नव्हती. पैशांची त्याला भीती होती. मी त्याला आयुष्मान योजनेचे कार्ड काढून आणावयास लावले. त्या योजनेत ही शस्त्रक्रिया बसते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. इंदूरच्या शासकीय रुग्णालयात तारीख मिळाली. मी सोबत गेलो.

भरती होण्याच्या सकाळी वऱ्हांड्यात बसलो असताना त्याने मला विचारले, "साहेब, तुमच्यात घातली, तीच जाळी माझ्यात घालतील ना?"

मी "हो" म्हणून टाकणार होतो. पण मला खात्री नव्हती. मी उठलो आणि डॉक्टरांना विचारावयास आत गेलो.